सहाशे रुपये कमी भरले: एका क्रेडिट कार्ड बिलाचं प्रकरण

मिरजेच्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिका सप्टेंबर २०२३ मधल्या एका शनिवारी दोन बिलं घेऊन आल्या. शनिवारी संध्याकाळी मी वाचनालयात बसतो. कुणाचं बँकेचं, पतसंस्थेचं, विम्याचं काही अडलं असेल तर कागद बघून देतो. नागरी सहकारी बँकेत एकतीस वर्षं व्याज काढण्यात गेली, तेवढा उपयोग अजून होतो. त्यांचं नाव इथे देत नाही, बँकेचंही नाही. वॉर्डात सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, मीही तेच म्हणतो.

सिस्टरांचं पहिलं वाक्य होतं, "काका, मी सहाशे रुपये कमी भरले आणि बँकेने मला चार हजार लावले. हे असं असतं का?"

याचं उत्तर नुसतं हो किंवा नाही असं देता येत नाही. त्या चार हजारांतला काही भाग बँकेच्या अटींप्रमाणे होता आणि काही भाग रिझर्व्ह बँकेच्या नियमांविरुद्ध. बिलावर मात्र दोन्ही एकाच ठशात, एकाखाली एक छापलेले होते. ग्राहकाला ते एकच वाटतं, म्हणून तो एक तर सगळंच भरून टाकतो किंवा सगळ्यावरच भांडतो. दोन्हीत त्याचं नुकसान आहे. हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते यासाठीच.

काय घडलं

कार्डाचं बिल दर महिन्याच्या १२ तारखेला निघायचं आणि भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची १. सिस्टरांनी २० जूनला मुलाच्या कॉलेजसाठी ४६,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला. ५ जुलैला किराणा आणि औषधं मिळून २,६०० झाले. १२ जुलैचं बिल आलं ४८,६०० रुपयांचं, मिनिमम ड्यू म्हणजे किमान देय रक्कम २,४३०.

३१ जुलैला रात्रपाळीला निघण्याआधी त्यांनी मोबाईलवरच्या एका ॲपमधून पैसे भरले. बचत खात्यात ४८,२०० आणि काही सुटे होते, म्हणून ४८,००० पाठवले. पगार तीन-चार तारखेला होतो, तो झाला की उरलेले ६०० टाकू असं ठरवलं. मग सलग रात्रपाळ्या लागल्या आणि ते राहून गेलं. ॲपची पावती ३१ जुलैची होती, पण कार्डाच्या खात्यात रक्कम जमा झाली ३ ऑगस्टला. मधल्या काळात, २५ जुलैला, आणखी ५,००० रुपयांची खरेदी झाली होती.

१२ ऑगस्टचं बिल असं होतं: मागची बाकी ६००, नवी खरेदी ५,०००, व्याज २,५२५.५२, लेट फी १,१०० आणि व्याज व फीवरचा १८ टक्के जीएसटी ६५२.५९. एकूण ९,८७८.११. खरेदीचे पैसे बाजूला काढले तर नुसतं व्याज, फी आणि कर मिळून ४,२७८.११.

सिस्टरांनी हेल्पलाइनला फोन केला. "सिस्टीमनेच लावलंय," एवढंच उत्तर मिळालं. त्या चिडल्या, आपल्याला मान्य असलेले ५,६०० भरले (ते २१ ऑगस्टला जमा झाले) आणि बाकीचे भरायचे नाहीत असं ठरवलं. १२ सप्टेंबरच्या बिलात त्या न भरलेल्या रकमेवरचं आणि ५,६०० वरचं नऊ दिवसांचं मिळून आणखी २१०.६० व्याज आणि ३७.९१ कर चढला. देणं ४,५२६.६२ झालं. हे दुसरं बिल हातात पडल्यावर त्या माझ्याकडे आल्या.

व्याज कुठून आलं

सिस्टरांची समजूत अशी होती की व्याज लागायचंच तर ६०० रुपयांवर लागेल. बहुतेकांची हीच समजूत असते आणि साध्या व्यवहारबुद्धीला ती पटते. उसने घेतलेल्या शंभरातले नव्वद वेळेत परत केले तर बोलणी दहाचीच खायची.

क्रेडिट कार्डाचा करार तसा नाही. बिनव्याजी मुदत ही एक सवलत आहे आणि तिला एक अट चिकटलेली आहे: बिल पूर्ण भरलं पाहिजे आणि शेवटच्या तारखेपर्यंत भरलं पाहिजे. एक रुपया जरी राहिला तरी सवलत सगळ्या बिलावरची जाते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजलं जातं. शिवाय मागची बाकी उभी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. कॅश क्रेडिट खात्यावर, म्हणजे व्यापाऱ्यांच्या रोज उचल-भरणा चालणाऱ्या कर्जखात्यावर, आम्ही डेली प्रॉडक्टने व्याज काढायचो, तीच ही रीत. रक्कम गुणिले दिवस, त्यांची बेरीज, आणि त्यावर दर.

मी वहीत मांडून दाखवलं. ४६,००० रुपये २० जून ते ३ ऑगस्ट ४४ दिवस. २,६०० रुपये २९ दिवस. ३ ऑगस्टनंतर उरलेले ६०० रुपये १२ तारखेपर्यंत ९ दिवस. २५ जुलैचे ५,००० रुपये १८ दिवस. चारही गुणाकारांची बेरीज २१,९४,८००. दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. भागिले ३६५. उत्तर २,५२५.५२, बिलाशी पैशापैशाने जुळणारं. बँकेचा गुणाकार चुकला नव्हता, हे मला सिस्टरांना सांगावं लागलं, आणि त्यांना ते आवडलं नाही.

मग मी दुसरा हिशोब केला. पैसे ३१ जुलैलाच जमा झाले असते, म्हणजे उशीर झालाच नसता, पण ६०० कमीच असते तर? व्याज २,३५९.८२. म्हणजे उशिराची किंमत सुमारे १६६ रुपये आणि कमी भरलेल्या ६०० ची किंमत दोन हजार तीनशेच्या वर. सिस्टर वहीकडे बघत राहिल्या. त्यांचा सगळा राग ॲपवर होता, पैसे तीन दिवस कुठे अडकले यावर. खरं भोक दुसरीकडे होतं.

अमेरिकेत २००९ साली क्रेडिट कार्डांसाठी जो कायदा झाला, त्यात नेमकी ही रीत बंद केली आहे. बिनव्याजी मुदत संपायच्या आत रकमेचा जो भाग फेडला, त्यावर व्याज लावता येत नाही. त्या रीतीने वेळेत भरलेल्या ४८,००० ना हात लागला नसता आणि उरलेल्या ६०० रुपयांवर, अगदी २० जूनपासून मोजलं तरी, १२ ऑगस्टपर्यंत सुमारे ३७ रुपये व्याज झालं असतं. आपल्याकडच्या रीतीने जुन्या बिलापुरतेच २,२५६. ही तफावत मला आजही अस्वस्थ करते. नव्व्याण्णव टक्के बिल भरणाऱ्याला आणि पाच टक्के भरणाऱ्याला मुदतीच्या बाबतीत एकाच रांगेत उभं करणं न्याय्य नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पण मत वेगळं आणि तक्रारीचा मुद्दा वेगळा. अट करारात होती, अटींच्या पत्रकात उदाहरणासह छापलेली होती. तिथे आमच्या हातात काही नव्हतं.

लेट फीचं मात्र वेगळं

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट आणि डेबिट कार्डांबद्दलचे सविस्तर निर्देश काढले. ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले, काही कलमं १ ऑक्टोबर २०२२ पासून. या प्रकरणाच्या वेळी तेच लागू होते. त्यात दोन वाक्यं अशी होती की त्यांच्यावर ही सगळी तक्रार उभी राहिली.

पहिलं: शेवटची तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त थकबाकी राहिली तरच लेट फी लावता येते आणि तरच ती थकबाकी सिबिलसारख्या, कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या पतमाहिती कंपन्यांना कळवता येते. फी लावायची तीही शेवटच्या तारखेनंतर जे उरलं त्यावर, बिलाच्या एकूण रकमेवर नाही. आता तारखा बघा. शेवटची तारीख १ ऑगस्ट, पैसे जमा ३ ऑगस्ट. दोनच दिवस. ३ तारखेला किमान रकमेच्या जवळजवळ वीसपट रक्कम खात्यात आली होती, म्हणजे उरलेल्या ६०० मुळे खातं थकीत ठरत नव्हतं. बँकेने ॲपची पावती मानली नाही, स्वतःच्या जमा-तारखेलाच धरून बसली, तरीही १,१०० रुपयांची फी बसत नव्हती. शिवाय दरपत्रक उघडून पाहिलं तर ही फी ४८,६०० च्या टप्प्याची होती. म्हणजे जे वाक्य सांगतं की उरलेल्या रकमेवर लावा, तेही मोडलं होतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण तिच्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. हे तीन दिवस लेट फीपुरते आहेत, व्याजापुरते नाहीत. "तीन दिवस सवलत असते" असं ऐकून कुणी मुद्दाम तीन दिवस उशिरा भरलं तर फी लागणार नाही, पण बिनव्याजी मुदत गेली ती गेलीच.

दुसरं वाक्य: न भरलेले आकार, शुल्कं आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज चढवायचं नाही. सप्टेंबरच्या बिलात बँकेने पूर्ण ४,२७८.११ वर ३१ दिवसांचं व्याज घेतलं होतं. त्यात लेट फी, तिचा जीएसटी आणि व्याजावरचा जीएसटी मिळून १,७५२.५९ रुपये होते. तेवढ्यावरचं व्याज ६२.५२ आणि त्यावरचा कर ११.२५. एकूण ७३.७७ रुपये.

"त्र्याहत्तर रुपयांसाठी अर्ज करायचा?" सिस्टरांनी विचारलं. मी म्हटलं, करायचाच. सिस्टीमने लावलं असेल तर ते एकट्या तुम्हाला लावलेलं नाही.

आम्ही काय केलं

सर्वांत आधी मी त्यांना पूर्ण ४,५२६.६२ भरायला लावले. त्यांना हे पटेना. "जे चूक आहे ते भरू कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण साडेतीन टक्क्यांनी दर महिन्याला वाढणारी रक्कम अडवून भांडलं तर भांडण जिंकूनही पदरात काही उरत नाही, आणि किमान रक्कम राहिली तर सिबिलला नोंद जाते. ती नोंद पुढे घरकर्जाच्या वेळी आडवी येते. म्हणून १८ सप्टेंबरला पैसे भरले आणि त्याच दिवशी ईमेलने कळवलं की ही रक्कम हरकत राखून भरली आहे. सिस्टरांनी ऑगस्टमध्ये स्वतःच्या रागाने जी रक्कम अडवून ठेवली होती, त्यातून मिळालं काही नाही, उलट आणखी व्याजाचा भुर्दंड बसला.

तक्रार एका पानाची केली. त्यात सहाशे रुपयांची कहाणी नव्हती, रात्रपाळ्या नव्हत्या, "इतकी वर्षं तुमची ग्राहक आहे" हे नव्हतं. सिस्टरांनी आधी लिहून आणलेल्या मसुद्यात ते सगळं होतं, अडीच पानं, आणि वाचून मला वाईटही वाटलं. पण तक्रार वाचणाऱ्या माणसापुढे तारीख, रक्कम आणि मोडलेला नियम एवढंच ठेवलं तर त्याला इकडेतिकडे जाता येत नाही. तीन मागण्या केल्या: लेट फी आणि तिचा कर मिळून १,२९८ परत, फी आणि करांवर लावलेलं व्याज व त्यावरचा कर मिळून ७३.७७ परत, आणि ऑगस्टची थकबाकी पतमाहिती कंपन्यांना कळवली असेल तर ती दुरुस्त करणं. व्याजाचे २,५२५.५२ मागितले नाहीत. मागितले असते तर बँकेने उत्तर त्याचंच दिलं असतं आणि बाकीचं त्याच्याआड झाकलं गेलं असतं.

११ ऑक्टोबरला उत्तर आलं. १,२९८ रुपये परत करत आहोत, "एकवेळची सदिच्छा सवलत म्हणून". ७३.७७ बद्दल एक शब्द नाही.

सिस्टर खूश होत्या. मी नव्हतो. नियमाने जे परत करायचंच आहे ते सवलत म्हणून दिलं की दोन गोष्टी होतात. पुढच्या वेळी "सवलत एकदाच असते" असं ऐकावं लागतं, आणि ज्यांनी तक्रार केली नाही त्यांचे पैसे बँकेकडेच राहतात. म्हणून १४ ऑक्टोबरच्या शनिवारी वाचनालयातूनच रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेकडे ऑनलाइन अर्ज केला. ही योजना १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झाली. आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर इथे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. आम्ही बिलं, ईमेल, बँकेचं उत्तर आणि वहीतल्या हिशोबाचा फोटो जोडला. हस्ताक्षर वाचता येईल ना, याची सिस्टरांना काळजी.

डिसेंबरात बँकेकडून पत्र आलं. ७३.७७ रुपये जमा केले होते आणि फी आणि करांवर व्याज लागलं ते "अनवधानाने" असं लिहिलं होतं. सिबिलच्या अहवालात काही चढलं नव्हतं, ते आम्ही वर्षातून एकदा फुकट मिळणारा अहवाल काढून पाहिलं.

मधल्या काळात आणखी एक लहानसा प्रकार झाला. १८ सप्टेंबरला सगळं भरूनही १२ ऑक्टोबरला ३६.८८ रुपयांचं बिल आलं. कार्ड महिनाभर वापरलेलं नव्हतं. हे १२ ते १८ सप्टेंबर या सहा दिवसांचं व्याज आणि कर. मागचं बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. लोक हे बघून "मी तर सगळं भरलंय" म्हणून दुर्लक्ष करतात आणि मग छत्तीस रुपयांची थकबाकी वाढत राहते. आम्ही ते त्याच दिवशी भरलं.

४२ टक्क्यांचं काय

हा प्रश्न सिस्टरांनी तीन वेळा विचारला. "काका, गावातला सावकार बरा की." महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराने किती व्याज घ्यायचं हे २०१४ च्या सावकारी कायद्याखाली शासन ठरवतं. बँका त्या कायद्याच्या बाहेर आहेत.

या प्रश्नावर देशात मोठी लढाई झाली आहे. 'आवाज' नावाच्या ग्राहक संस्थेच्या तक्रारीवर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ७ जुलै २००८ रोजी निकाल दिला की कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, निकालाला स्थगिती मिळाली आणि प्रकरण सोळा वर्षं पडून राहिलं. सिस्टर माझ्याकडे आल्या तेव्हा ते तसंच पडलेलं होतं. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा निकाल रद्द केला. बँकिंग नियमन कायद्याचं कलम २१ अ असं की बँकेने लावलेला व्याजदर जास्त आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयाला व्यवहार पुन्हा उघडता येत नाही. दरावर लक्ष ठेवणं हे रिझर्व्ह बँकेचं काम. आणि रिझर्व्ह बँकेने ठरावीक आकडा घातलेला नाही. व्याज खर्चाशी आणि वाजवी परताव्याशी सुसंगत असावं, बँकेने स्वतःची कमाल मर्यादा ठरवावी, एवढंच २०२२ च्या निर्देशांत होतं.

म्हणून दरावर तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आता सरळ सांगतो की तो रस्ता बंद आहे. आपल्याला भांडायला जागा आहे ती व्याज कशावर लावलं, किती दिवसांचं लावलं आणि फी कोणत्या तारखेला लावली, इथे. दर मान्य करून हिशोब तपासायचा. मला स्वतःला हे पूर्ण समाधान देत नाही. साडेतीन टक्के व्याज आणि त्यावरचा कर मिळून महिन्याला ४.१३ टक्के होतात. सिस्टरांनी ४८,६०० च्या बिलावर फक्त किमान २,४३० भरले असते तर महिन्याचं व्याज आणि कर यांतच सुमारे २,००७ गेले असते आणि मुद्दलात ४२३ रुपये उतरले असते. हा हिशोब मी सांगितला तेव्हा सिस्टर म्हणाल्या की त्यांच्याच वॉर्डात एकजण दोन वर्षं नेमाने किमान रक्कम भरतेय आणि तिला वाटतं की आपण व्यवस्थित आहोत. पुढच्या शनिवारी त्या तिला घेऊन आल्या. ते प्रकरण अजून चालू आहे, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

तारीख

कागद आवरताना माझ्या लक्षात आलं की आम्ही मुळाकडे पाहिलंच नव्हतं. पगार महिन्याच्या तीन-चार तारखेला. बिल भरण्याची शेवटची तारीख १. म्हणजे दर महिन्याला भरणा करायचा तो खातं सर्वांत रिकामं असतानाच. जुलैत ६०० कमी पडले तो योगायोग नव्हता. मागच्या वर्षभराची बिलं पाहिली तर आणखी दोनदा त्यांनी मैत्रिणीकडून हातउसने घेऊन बिल भरलं होतं.

बिलाची तारीख बदलून घेण्याचा पर्याय ग्राहकाला एकदा द्यायला हवा, हेही त्याच २०२२ च्या निर्देशांत होतं. सिस्टरांना हे कुणी सांगितलं नव्हतं. हेल्पलाइनवर विचारलं तर "अशी सोय नाही" असं उत्तर आलं. आम्ही निर्देशातलं वाक्य उतरवून ईमेल पाठवला आणि आठवड्याभरात सोय झाली. जानेवारी २०२४ पासून बिल २४ तारखेला निघतं आणि भरण्याची शेवटची तारीख १३ च्या आसपास येते. पगाराच्या खात्यावरून ऑटो-डेबिट लावलं आहे. ते लावताना पडद्यावर किमान रकमेचा पर्याय आधीच निवडलेला होता. सिस्टरांनी तो बदलून पूर्ण रक्कम केली आणि बदललेल्या पानाचा फोटो मला पाठवला.